अकरा आट्यांची गोष्ट

'मळसूत्र' हा शब्द आता मराठीतून जवळजवळ उठून गेला आहे. पणजोबांच्या पिढीला तो ठाऊक होता. आज सुताराच्या, लोहाराच्या आणि नळजोडणीच्या मिस्त्रीच्या तोंडी 'स्क्रू' आणि 'आटे' हे दोनच शब्द उरले आहेत. त्यांतला 'आटे' हा मात्र मोठा बोलका शब्द. आटे बसले, आटे घसरले, आटे पाडले, आटे खाल्ले, असे दिवसभर चालू असते. नळीच्या तोंडावर गुंडाळत गेलेली ती बारीकशी नागमोडी खाच. तिच्याकडे थांबून कोण पाहणार? नळ गळत नाही तोवर तिची कुणाला आठवण नाही, आणि गळू लागला की लोक मिस्त्रीला बोल लावतात, आट्यांना नव्हे.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात किल्ल्यांचा इतिहास यावा, पेशव्यांच्या मसलती याव्यात, एखाद्या विस्मृत संताचे चरित्र यावे. त्या पंगतीत हा आट्यांचा इतिहास कुठून आला, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, या इतिहासातही एक जळून खाक झालेले शहर आहे, दोन बलाढ्य राष्ट्रांची भाऊबंदकी आहे, आणि शेवटी आमच्या मराठवाड्याचा दुष्काळ आहे. शिवाय ज्या पाण्याने आपण अभ्यंगस्नान करणार, ते बहुधा याच आट्यांतून वाट काढीत आपल्या बादलीत आलेले असते.

मी राहतो ते धारूर बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. गावाला लागून किल्ला आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो उभारला. १६३१ साली मोगलांनी तो घेतला, आणि तेही दख्खनच्या त्या भयंकर दुष्काळाच्या ऐन मध्यावर. पुढे मोगलांच्या काळात गावाचे नाव फतेहाबाद झाले, पण लोकांच्या जिभेवर धारूर ते धारूरच राहिले. डोंगरावरच्या गावाचे दुःख एकच. पाऊस पडतो तो आपल्यासाठी नव्हे. तो खालच्या लोकांसाठी पडतो. उतारावरून पाणी बघता बघता निघून जाते आणि मागे उरतात सीताफळीची झुडपे आणि उघडे दगड. म्हणून किल्ला बांधणाऱ्याने तटबंदीच्या आत आधी पाण्याची टाकी केली. बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना बावडी, औरंगाबादची मलिक अंबराची नहर, ही सारी त्याच चिंतेची अपत्ये.

त्या नहरीची आठवण येथे मुद्दाम काढली. डोंगरातले पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून शहरात येई. एका नळाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडात सरकवायचे आणि सांधा चुन्याने भरायचा, ही आपली जुनी रीत. तिला आटे लागत नसत. नळ आणि सांधा एकाच कुंभाराच्या, एकाच गवंड्याच्या हातचा असला की काम भागे. आट्यांची गरज पडली ती पाणी उतारावरून न येता दाबाने येऊ लागले तेव्हा, आणि नळी एका गावची, सांधा दुसऱ्या गावचा असा व्यवहार सुरू झाला तेव्हा.

आता थोडे विलायतेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात यंत्रांचे कारखाने धडाक्याने निघाले. हेन्री मॉड्स्ले नावाच्या अव्वल कारागिराने लंडनात लोखंडावर अचूक आटे कापणारे लेथ बनविले. परंतु प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. कुणी इंचात दहा पाडी, कुणी बारा. कुणाची खाच उभट, कुणाची पसरट. एका कारखान्याचा बोल्ट हरवला की दुसऱ्याचा चालत नसे. यंत्र विकत घेणारा जन्मभर त्या एकाच कारखानदाराचा बांधील होऊन राही.

मॉड्स्लेच्याच हाताखाली काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ हा पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना चालवू लागला. त्याने काय केले? निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, प्रत्येकाची खाच मोजली, आणि सर्वांची सरासरी काढली. १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने आपला निबंध वाचला. प्रत्येक मापाच्या बोल्टाला इंचात किती आटे असावेत हे त्याने ठरवून दिले. खाचेच्या दोन भिंतींमधला कोन ५५ अंशांचा आणि शिखर व तळ गोलाई दिलेले. ५५ च का? भूमितीत त्या आकड्याला काही विशेष मान नाही. नमुन्यांची सरासरी तिथे आली, एवढेच त्याचे पुण्य. मला यात फार मौज वाटते. नियम वरून लादला गेला नाही. चालू व्यवहारातूनच तो गाळून घेतला गेला. पंचांनी बसून सर्वांचे ऐकून घ्यावे आणि कुणाचेच पुरते न मोडता निवाडा द्यावा, तसा हा ५५ अंशांचा निवाडा.

बोल्टाचे असे झाले. नळीची कथा अधिक रंजक आहे. त्या काळी शहरांतून दगडी कोळशाच्या वायूचे दिवे लागू लागले होते. वायू घरोघर न्यायला लोखंडी नळ्या हव्या होत्या, आणि नळ्या करण्याची सोपी युक्ती अजून निघाली नव्हती. असे सांगतात की, नेपोलियनशी चाललेल्या लढाया संपल्यावर बंदुकांच्या निकामी नळ्यांचे ढीग पडले होते, त्याच आट्यांनी एकमेकींना जोडून सुरुवातीचे वायुनळ टाकले गेले. आजही आमच्या बाजारपेठेतला दुकानदार नळीच्या आखूड तुकड्याला 'बॅरल निपल' म्हणतो. बॅरल म्हणजे बंदुकीची नळी. १८२५ साली कॉर्नेलिअस व्हाइटहाउस याने तापविलेली पट्टी ओढून तिच्या कडा जोडायची कृती शोधली, आणि मग लोखंडी नळ्या भराभर निघू लागल्या. या नळ्यांसाठी व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे, पण अधिक बारीक आटे ठरले. नळीची भिंत पातळ, तिच्यावर खोल खाच पाडली तर नळीच कापली जायची. १९०५ साली ब्रिटिश मानक समितीने या नळीच्या आट्यांवर शिक्कामोर्तब केले. आमचे मिस्त्री ज्याला नुसते 'बीएसपी' म्हणतात ते हेच.

मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने आले १८६० साली आणि रस्त्यावर वायूचे दिवे लागले १८६५ साली. नळ्या विलायतेच्या, सांधे विलायतेचे, हत्यारेही विलायतेची. त्यांच्याबरोबर ते आटेही बंदरावर उतरले आणि येथलेच होऊन गेले.

येथे एका कोड्याचा उलगडा करतो. 'अर्धा इंची' नळाचा तुकडा घरात असेल तर मोजून पाहा. बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. आतला व्यास अर्ध्या इंचाहून अधिक. मग अर्धा इंच आहे कुठे? तो होता. पूर्वी लोखंड हलके असल्याने नळीची भिंत जाड ठेवावी लागे, तेव्हा आतले भोक खरोखरच अर्धा इंची असे. पुढे लोखंड सुधारले, भिंत पातळ करता आली. ती बाहेरून कमी केली असती तर जगातले जुने सगळे सांधे फुकट गेले असते. म्हणून ती आतून कमी केली. भोक वाढले, बाहेरचे माप आणि नाव मात्र तेच राहिले. पाटीलकी गेली तरी आडनाव पाटील राहावे, तसा तो 'अर्धा इंच' राहिला.

अटलांटिक समुद्रापलीकडे अमेरिकेनेही आरंभी इंग्रजांचेच पाहून आटे पाडले. पण १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने निराळा पवित्रा घेतला. त्याचे म्हणणे असे की, व्हिटवर्थचा गोलाईदार ५५ अंशांचा आटा काढायला उंची हत्यारे आणि कसलेला हात लागतो; आपल्या देशातल्या लहान कारखानदाराने काय करावे? ६० अंशांचा कोन घ्या, शिखरे सपाट ठेवा. साध्या हत्याराने साधा माणूसही तो काढील. मॅट्रिकची भूमिती आठवत असेल तर ध्यानी येईल की ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोण. तो तपासायला, आखायला सोपा. नळ्यांच्या बाबतीत हेच काम रॉबर्ट ब्रिग्ज याने केले. त्याच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. १८८६ पासून तेच अमेरिकेत सर्वमान्य झाले. आजचे 'एनपीटी' ते त्यांचेच वंशज.

अशा रीतीने एकाच घरात दोन चुली झाल्या. दोघांच्याही नळीचे तोंड किंचित निमुळते, आणि निमुळतेपणाही अगदी सारखा: सोळा इंचांत एक इंच. काही मापांत इंचातली आट्यांची संख्याही एकच. फरक तो पाच अंशांचा.

वाचकांना वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होते? १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क येथून बंब आगगाडीने धावून आले. माणसे होती, यंत्रे होती, रस्त्यावरच्या नळांत पाणीही होते. परंतु अनेक पाहुण्यांच्या होजपायपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात! कुणी नळावर होज नुसता धरून ठेवला, कुणी सांध्याभोवती गोणपाट गुंडाळले. तीस तासांच्या सुमारास आग जळत राहिली आणि दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पुढे चौकशी झाली तेव्हा त्या एका देशात बंबांच्या सांध्यांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. मदतीला आलेला शेजारी दारात उभा, हातात भरलेली घागर, आणि तुमच्या रांजणाचे तोंड त्याच्या घागरीशी जुळत नाही, अशी ती दैन्यावस्था.

दुसऱ्या महायुद्धातही हेच रडगाणे होते. एकाच बाजूने लढणाऱ्या इंग्रज व अमेरिकन फौजांना परस्परांचे बोल्ट चालत नसत. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनला इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी करार करून बोल्टांसाठी ६० अंशांचा समाईक आटा मान्य केला. व्हिटवर्थच्या बोल्टाचे राज्य तेथून मावळू लागले. नळीच्या आट्यांना मात्र या करारात कुणी हात लावला नाही. जमिनीत पुरलेले, भिंतीत चिणलेले लक्षावधी नळ उकरून कोण काढणार?

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? मराठवाड्यातल्या लोकांना 'दोन मापे' म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आजोबांच्या पिढीने एका कनवटीला हाली शिक्का आणि दुसऱ्या कनवटीला कलदार रुपया बाळगला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशोब करता करता बाजाराला गेलेला माणूस दमून जाई आणि मधला दलाल पुष्ट होई. दोन मापे जिथे शेजारी नांदतात, तिथे नाडला जातो तो अडाणी आणि गरीब. हाली शिक्का पन्नाशीच्या दशकात गेला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

देशाची मानक संस्था, इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, स्वातंत्र्याच्याही काही महिने आधी, १९४७ च्या जानेवारीत जन्मली होती. तिचे पहिल्या क्रमांकाचे मानक कशाचे असेल? राष्ट्रध्वजाचे! १९५१ साली ते निघाले. नळीच्या आट्यांचे मानक ५५४ व्या क्रमांकाचे. ते १९५५ साली आले, आणि त्याने ५५ अंशांचाच आटा कायम केला. पुढे १९५६ च्या कायद्याने देशाने इंच-पौंड सोडून मीटर-किलो स्वीकारले. शेर गेला, मैल गेला, आणा गेला. अर्धा इंची नळीलाही '१५ मिलिमीटर' असे नवे नाव मिळाले. ते नावही जुन्याइतकेच नावापुरते. आणि तिच्या तोंडावरचे आटे? ते इंचात चौदा होते, ते चौदाच राहिले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही नळीच्या सांध्यांसाठी हेच व्हिटवर्थी आटे मान्य केले आहेत. मीटर वापरणाऱ्या जर्मनी-जपानसारख्या देशांतही नळाचे आटे मँचेस्टरचेच आहेत.

आता दुष्काळाकडे येतो. १९७० पासूनच पाऊस कमी होत गेला आणि १९७२ साली त्याने महाराष्ट्राला पुरते उघडे पाडले. खडी फोडण्याची कामे, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्या आठवणी आमच्या भागात आजही घरोघर निघतात. आड आटले, बारवा आटल्या. मोट आणि रहाट यांचे पाणी जिथवर पोचे तिथे पाणीच नव्हते. काळ्या पाषाणात खोल भोके पाडणारी यंत्रे युनिसेफच्या मदतीने आली, विंधनविहिरी झाल्या आणि त्यांवर हातपंप बसले. त्या पंपाला आमच्या लोकांनी 'हापसा' हे नाव दिले. दांडा खाली-वर करताना छातीतून निघणारा आवाजच जणू त्यात उतरला आहे.

पण सुरुवातीचे हे पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेत एका शेतकरी कुटुंबाने दिवसातून चार वेळा वापरावेत अशा बेताने घडविलेल्या पंपांच्या या नकला. आमच्याकडे एका पंपावर अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लोंबकळे. दांडे मोडत, खिळी झिजत, बीड तडकत असे. देशात बसविलेल्या पंपांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक सत्तरीच्या दशकाच्या मध्यास बंद पडलेले होते. त्यातून आणखी एक विघ्न: ज्याने त्याने आपल्या मापाने पंप ओतलेला. एका पंपाचा सुटा भाग दुसऱ्याला लागेना. भोकात पाणी आहे, वर पंपही उभा आहे, आणि बाई मात्र घागर घेऊन दोन कोस चालली आहे. बाल्टिमोरची आग आणि मराठवाड्याची तहान यांत मूळ दुखणे एकच होते.

उपाय निघाला तो आमच्याच आसपास. जालन्याच्या आणि नंतर सोलापूरच्या मिशनऱ्यांच्या विहीर-कामाच्या कार्यशाळांतून, काम करता करता, पंपाचे रूप बदलत गेले. बिडाऐवजी पोलाद आले. अनेक सांध्यांच्या दांड्याऐवजी एकाच आसावर फिरणारा दांडा आला. त्याला बेअरिंग आणि साखळी बसली. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही नावे जगभरच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात आदराने घेतली जातात, हे आमच्या पुष्कळांच्या गावीही नाही. सोलापूर पंप पुढे ठेवून भारत सरकार, युनिसेफ, मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि मूळ मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रूडास या कंपनीचा मद्रास येथील कारखाना यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध केला. १९७७-७८ च्या सुमारास तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक निघाले, क्रमांक ९३०१. त्यावर कुणाही एकाचा मक्ता ठेवला नाही. माप सर्वांना खुले. जो मापात बनवील त्याने बनवावा, आणि तपासणीला उतरवून मगच विकावा. असे लाखो हापसे भारतात बसले आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेले.

आता त्या हापशाच्या पोटात उतरून पाहू. वर पाण्याची टाकी आणि दांडा. टाकीच्या बुडाशी लटकते ३२ मिलिमीटर, म्हणजे जुन्या भाषेत सवा इंची, जस्ती नळी. तीन-तीन मीटरचे तुकडे सॉकेटने एकमेकांना जोडलेले. तीस मीटर खोल पाणी असेल तर असे दहा तुकडे. तळाशी पितळी अस्तराचे सिलिंडर. नळीच्या आतून दांड्यापासून सिलिंडरपर्यंत बारा मिलिमीटर जाडीच्या सळया एकीला एक जोडीत गेलेल्या. वरचा सांधा खालच्या सगळ्या नळ्यांचे, त्यांतल्या पाण्याचे आणि सिलिंडरचे ओझे पेलीत असतो. म्हणजे आटे हेच त्या हापशाचे खरे हात. ते झिजले तर पाणी वाटेतच गळून खाली परतते आणि बायकांना दहा-वीस वेळा उगाच हापसावे लागते. आणि खाचेपाशी नळी तुटली तर सगळी माळ भोकात कोसळते.

या सवा इंची नळीवर इंचाला अकरा आटे असतात, कोन ५५ अंश: व्हिटवर्थचे घराणे. आतल्या सळयांचे आटे मात्र मीटर पद्धतीचे: दोन आट्यांत पावणेदोन मिलिमीटर अंतर, कोन ६० अंश, म्हणजे सेलर्सने ज्याचा कैवार घेतला तोच. समुद्राच्या दोन तीरांवर शंभर वर्षे भांडलेली दोन घराणी बालाघाटातल्या एका भोकात, एकीच्या पोटात दुसरी, सुखाने नांदत आहेत! त्यांना नांदता येते, कारण कुणी कुठे बसायचे हे मानकाने आधीच ठरवून दिले आहे.

गोंधळ होतो तो हे ठरलेले कुणी मोडले म्हणजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वस्तीवर मोटारीच्या पाण्याची नळी काही केल्या गळायची थांबेना. मिस्त्रीने सफेदा लावला, ताग गुंडाळला, टेफ्लॉनच्या पट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. दुसऱ्या दिवशी सांधा पुन्हा ओला. मी सहज गेलो होतो, थांबलो. शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी सॉकेट काढला, नळीचे तोंड धोतराच्या सोग्याने पुसले आणि शाळेतल्या मुलाची पट्टी मागितली. आट्यांवर पट्टी धरून ते मोजू लागले. "एका इंचात मोजू नये, गुरुजी," ते मला म्हणाले, "दोन इंचांचा हिशोब धरावा." खाचा नळीच्या तेवढ्या लांबीवर नव्हत्या, म्हणून त्यांनी एका इंचाच्या दुप्पट करून आणि पट्टी सरकवून पुन्हा ताडून पाहिले. दोन इंचांना बावीस पाहिजेत ते तेवीस निघाले. "ही आपली न्हाई. कुठल्या तरी बाहेरच्या यंत्राची सुटी नळी दुकानदारानं गळ्यात मारली." इंचाला साडेअकरा म्हणजे अमेरिकन घराणे. अर्ध्या आट्याचा फरक! सॉकेट दोन-तीन फेरे खुशाल चढत होता आणि मग अडत होता. अडला म्हणजे घट्ट बसला अशी सर्वांची समजूत.

त्या म्हाताऱ्यांनी पुढे जे सांगितले ते प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे आहे. आटे ओळखायचे तर चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, तोंड निमुळते आहे की सरळ? नळीवर पट्टी उभी धरली की कळते. निमुळता आटा स्वतःच दाटून पाणी अडवितो. सरळ आट्याला वायसर लागतो. दुसरी, इंचात आटे किती? अर्धा आणि पाऊण इंची बीएसपी नळीला चौदा, एक इंच आणि त्याहून मोठीला अकरा. अमेरिकन नळीला अर्धा-पाऊण इंचाला चौदाच, पण एक ते दोन इंचांपर्यंत साडेअकरा. तिसरी, बाहेरचा व्यास. तो कॅलिपरने मोजून कोष्टकाशी ताडावा. आणि चौथी, खाचेचा कोन. येथे डोळ्याचा भरवसा धरू नये. आट्यांचा गेज म्हणून पात्यांचा जुडगा मिळतो, त्यातले पाते खाचेत बसवून उजेडाकडे धरावे. फट दिसली तर घराणे निराळे.

खरा धोका अर्धा आणि पाऊण इंचातच आहे, कारण तेथे दोन्ही घराण्यांचे आटे इंचाला चौदाच. व्यासातला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. चढतात, फिरतात, घट्टही वाटतात. आणि त्या पाच अंशांच्या फटीतून थेंब थेंब पाणी पाझरत राहते. साफ न जुळणारी वस्तू आपण परत करतो. थोडीशी न जुळणारी वस्तू आपण पट्ट्या गुंडाळून वर्षानुवर्षे चालवून घेतो. माणसांच्या संसारातही गळती बहुधा अशाच ठिकाणी असते.

नळी घेतानाही एक खूण पाहावी. जस्ती नळीवर पिवळा पट्टा असेल तर ती हलकी, निळा असेल तर मध्यम, तांबडा असेल तर जड. हापशाला निळ्या पट्ट्याची मध्यम नळी लागते. पिवळी स्वस्त पडते खरी, पण तिच्या पातळ भिंतीवर खाच पाडली की मागे लोखंड फारसे उरत नाही. नळीत वाचविलेले पैसे बाईच्या डोक्यावरच्या घागरीतून वसूल होतात.

आता प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. त्यांचे सांधे चिकटवतात, आटे पाडायची गरज नाही. हापशांची जागा विजेच्या पंपांनी घेतली. पाणी खाली खाली गेल्याने कित्येक हापसे कोरडे उभे आहेत. २०१९ पासून घरोघर नळ देण्याची योजनाही देशभर सुरू झाली. तेव्हा आट्यांचे राज्य संपले म्हणायचे काय? नाही. प्लॅस्टिकच्या नळीला शेवटी तोटी बसवायची वेळ आली की तिच्या तोंडात पितळी आट्यांचा सांधा घालावाच लागतो, आणि तो इंचाला चौदाचा असतो. एकशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका कारागिराने काढलेली सरासरी आपल्या मोरीतल्या तोटीवर रोज फिरत असते.

इतिहासात आपण नेहमी वाचतो तो मोडण्याचा: तट फोडले, तह मोडले, गादी उलथली. जुळविणाऱ्यांचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही, कारण जुळलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही. किश्वरखानाच्या किल्ल्याचे तट आज ढासळले आहेत. पण जालन्याच्या, सोलापूरच्या त्या कार्यशाळांत ज्यांनी हात काळे केले, ज्यांनी मापे लिहून काढली आणि ती कुलपात न ठेवता सर्वांना खुली केली, त्यांच्या कामाचा एकेक तुकडा आजही वाडीवस्तीवर उभा आहे. एका गावचा सॉकेट दुसऱ्या गावच्या नळीला लागतो. कुणाला कुणाची ओळख असावी लागत नाही, कुणाला कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. मापाचा हा धर्म गरिबाला सर्वांत अधिक उपयोगी पडतो. श्रीमंत माणूस न जुळणारी वस्तू फेकून नवी आणू शकतो. गरिबाला जुळेल तीच आणून भागवावे लागते. उन्हाळ्यात एखाद्या तांड्यावर बंद पडलेला हापसा उघडला जातो, झिजलेली नळी काढून नवी घातली जाते, सॉकेट दोन बोटांनी धरला की आपसूक चार फेरे चढतो आणि मग पान्ह्याने आवळला जातो. दांडा हलतो, आत सळ्या खळखळतात, आणि पाणी वर येते.